डोक्याच्या दवाखान्यात कंबर कशाला मोजता?

एकवीस वर्षं मी माणसांच्या कंबरा मोजल्या. शिवणकामाशी माझा काही संबंध नाही. शिरूरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत मनाच्या आजारांचा एक दवाखाना आहे, तिथं मी कामाला होते. पेशंट आला की आधी माझ्यासमोर बसायचा. मी वजन करायची, कमरेला टेप लावायची, बीपी आणि नाडी बघायची, रजिस्टरात लिहायची. मग तो आत डॉक्टर मॅडमकडं जायचा.

या दिवाळी अंकाचं काम बघणारे मास्तर आमच्याच वॉर्डात राहतात. ते म्हणाले, "मावशी, तुमच्या कामाचं लिहून द्या. कसंही लिहा, मी नीट करतो." मी म्हटलं, नीट करायचं असेल तर तुम्हीच लिहा. माझी शाळा चौथीपर्यंत. पण एकवीस वर्षं रोज रजिस्टर लिहिलंय, अक्षर चांगलं आहे. आकडे तर त्याहून चांगले. त्यातल्याच काही आकड्यांबद्दल सांगायचं आहे, कारण ते मी खोटे लिहिले होते.

मला घेतलं होतं झाडलोटीला. त्याआधी मी दुसऱ्यांच्या रानात रोजानं जायची. दवाखान्यातली सिस्टर लग्न होऊन गेली, नवी मिळेना. एक दिवस मॅडमनी मला खुर्चीत बसवलं आणि माझ्याच दंडाला पट्टा बांधून दाखवला. म्हणाल्या, "मावशी, आकडे येतात ना?" मी म्हटलं, "रोजाचा हिशेब करायला यायचे. तेवढे येतात."

बीपी घेणं म्हणजे बटण दाबणं, असं सगळ्यांना वाटतं. बटण कुणीही दाबतं. काम त्याच्या आधीचं आहे. माणसाला लघवीला जाऊन यायला सांगायचं. अर्ध्या तासात चहा, तंबाखू, मिश्री झालीय का ते विचारायचं. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं बसवायचं. बाही वर करायची, कापडावरून पट्टा बांधायचा नाही. जाड दंडाला मोठा पट्टा लागतो, लहान बांधला तर आकडा उगाच वर जातो. बोलायचं नाही. एकदा घ्यायचं, थोडं थांबून पुन्हा घ्यायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे. दोन्ही, हे महत्त्वाचं.

पाच मिनिटं गप्प बसायची असतात आणि माणसं नेमकी तेव्हाच बोलतात. आत मॅडमपुढं तोंड उघडत नाहीत ती माझ्यापुढं सगळं ओततात. मी सांगायची, "गप बसा." ऐकत मात्र असायची.

टेपचंही तसंच. बायकांच्या निऱ्यांवरून माप घेऊन चालत नाही. पुरुषांच्या कमरेला करदोडा असतो. वजन वाढलं की तो रुततो, मग माणूस गाठ सोडून सैल करतो, पण जुना वळ कातडीवर बरेच दिवस राहतो. "वजन हाय तेवढंच हाय मावशी" असं म्हणणाऱ्याचा वळ बघून मी विचारायची, "गाठ कवा सोडली?" मग तो हसायचा.

मंगळवारी आम्ही मॅडमच्या गाडीतून न्हावऱ्यावरून दौंडला जायचो. स्टेशनजवळ एक खोली घेतली होती. तिथं रेल्वेतून रिटायर झालेले एक आबा झोप येत नाही म्हणून यायचे. मी टेप काढली की दोन्ही हात कमरेवर ठेवून उभे राहायचे. "इंजिनाचा दिवा लागंना म्हणून कुणी चाकं मोजतं का?" असं म्हणायचे. "डोक्याच्या दवाखान्यात कंबर कशाला मोजता?"

मी म्हणायची, "म्हंजी तुम्हाला आत म्याडमना दाखवायचं न्हाई का?" ते निमूट हात काढायचे. पण मलाही उत्तर माहीत नव्हतं. मॅडमना विचारलं तर म्हणायच्या, "सांगते नंतर, बाहेर गर्दी आहे." गर्दी काही हटली नाही.

आमच्याकडं सगळ्या प्रकारचे पेशंट यायचे, पण मला कोडं वाटायचं ते एका आजाराचं. त्याला बायपोलर म्हणतात. यात माणूस काही दिवस, काही आठवडे चढतो. झोप लागत नाही आणि झोप नकोही असते. बोलणं थांबत नाही, जगात आपल्याला अशक्य काही नाही असं वाटतं, पैसा उधळतो, भांडतो. मग तोच माणूस उतरतो. अंथरूण सुटत नाही, जेवण नको, जगणं नको. आणि मधल्या काळात तुमच्या-माझ्यासारखाच असतो. हा आजार बहुतेक तरुणपणीच सुरू होतो. कोवळी पोरं असतात.

कारेगावचा एक पोरगा होता, कंपनीत कामाला. चढलेला असताना आला. हातात नाडी दाखवणारं घड्याळ. "मावशी, तुमचं मशीन जुनं झालं. मी आता मशीनचीच कंपनी काढतोय. तुम्हाला मॅनेजर करतो. पगार बोला!"

मी म्हटलं, "आधी पाच मिनिटं गप बस, मग मॅनेजर व्हते."

त्याला एक मिनिटही बसवेना. मी रजिस्टरात आकड्याच्या जागी लिहिलं, 'बसवत नाही'. मॅडमनी ते वाचून मान डोलावली. तेही मापच होतं. दोन महिन्यांनी तो आला तेव्हा न सांगता वीस मिनिटं बसून राहिला, भिंतीकडं बघत. मी विचारलं, "काय रे, कंपनीचं काय झालं?" त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. हे विचारायला नको होतं. माझं तोंड असंच आहे.

आता अंकिता. नाव खरं नाही. गाव खरं आहे, कवठे येमाई. मी तिला लिहू का विचारलं तेव्हा ती म्हणाली, "गाव राहू द्या मावशी, एवढ्या मोठ्या गावात मला कोण हुडकतंय. नाव तेवढं बदला."

पहिल्यांदा आली तेव्हा सतराची होती. पोलीस भरतीची तयारी करत होती. मुलींना आठशे मीटर पळावं लागतं, ती रोज शाळेच्या मैदानावर पळायची. अंगानं काटक, वजन बावन्न. त्या उन्हाळ्यात तिची झोप गेली. आधी सगळ्यांना वाटलं, पोरगी जिद्दीची आहे. पहाटे पळायची, मग सकाळी, मग दुपारीही. एक दिवस भर उन्हात अनवाणी शिरूरच्या रस्त्याला लागली. वडील मोटारसायकलवर मागं, हाका मारताहेत, ती थांबेना. कितीतरी किलोमीटर गेल्यावर दोघातिघांनी धरून तिला गाडीत घातलं. माझ्यापुढं बसवली तेव्हा तळपायाची कातडी निघालेली होती आणि ती हसत होती.

औषधांनी ती खाली आली. खाली आली ती जास्तच आली, मग हळूहळू सावरली. तिच्या वडलांना ती आप्पा म्हणायची, म्हणून मीही आप्पाच म्हणते, माझ्याहून वयानं बरेच लहान असले तरी. बागायतदार माणूस. आप्पांनी एक केलं, तिचे पळायचे बूट माळ्यावर टाकले. पळणं बंद. घराबाहेर फार जाणंही बंद. आईनं दूध, तूप, शिरा सुरू केला. पोरगी आजारातून उठलीय, दुसरं काय करणार? औषधांपैकी एकानं भूक वाढायची. वर्षभरात वजन बावन्नचं सदुसष्ट झालं. कंबर एकाहत्तर सेंटिमीटरची अठ्ठ्याऐंशी.

आणि बीपी. अठरा वर्षांच्या पोरीचं बीपी आलं वरचं एकशे अडतीस, खालचं नव्वद. मी पुन्हा घेतलं. एकशे छत्तीस. मला वाटलं, घाबरली असेल. तिसऱ्यांदा घेतलं, चौथ्यांदा घेतलं. चौथ्यांदा एकशे सव्वीस आलं.

ती म्हणाली, "मावशी, कमी आलंय तेच लिवा ना. न्हाईतर आणखी एक गोळी वाढंल. आधीच मूठभर हायत."

मी एकशे सव्वीस लिहिलं. दुसऱ्या रकान्यात एकशे चोवीस लिहिलं, ते तर आलंच नव्हतं.

पुढच्या महिन्यात तेच. मग ती सवयच पडली. ती बसायची, मी चांगला आकडा येईपर्यंत घेत राहायची, नाही आला तर अंदाजानं लिहायची. तरण्या पोरीला कुठलं आलंय बीपी, असं मी स्वतःला सांगायची. बीपी म्हाताऱ्यांना असतं, मला आहे. वर्षभर मी असं लिहिलं. तिच्यावर माया होती, असं मास्तरांना लिहायला आवडेल. मायेचं माहीत नाही. मला वाटलं, मला कळतं. एवढंच.

त्याच काळात ती मला एक सांगायची. "मावशी, वाचलेलं राहत न्हाई. एक ओळ पाचदा वाचते. दुकानात गेले तर काय आणायचं तेच इसरते. पह्यलं मी अख्खं पान एका बैठकीत पाठ करायची." भरतीची लेखी परीक्षा असते. शरीर गेलं, आता डोकंही गेलं, असं तिला वाटायला लागलं होतं. एकदा म्हणाली, "ह्या गोळ्याच सोडून देते. चढले तर चढले. तवा निदान हुशार तरी हुते."

हे मी मॅडमना सांगितलं. त्यांनी तिला आत बराच वेळ बसवलं. उदास असताना असं होतं, काही औषधांनीही होतं, असं समजावलं. रजिस्टर उघडून बीपी बघितलं. ते ठीक होतं, कारण मी ते ठीक लिहिलं होतं. त्या वेळी मी दारातच उभी होते. तोंड उघडता आलं असतं.

त्यानंतर माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवस घरी. त्या पंधरा दिवसांत मॅडम स्वतः मापं घेत होत्या. मी परत आले तर त्यांनी खोलीचं दार लावलं. त्यांच्यापुढं रजिस्टर उघडं होतं.

"मावशी, अंकिताचं बीपी मी घेतलं. एकशे सेहेचाळीस, चौऱ्याण्णव. दोनदा घेतलं. दुसऱ्या दिवशी बोलावून पुन्हा घेतलं. तेवढंच. वर्षभर तुमच्याकडं एकशे चोवीस कसं येतंय?"

"येत नव्हतं. मी लिहीत होते."

त्यांनी रजिस्टर मिटलं. मला वाटलं, गेली नोकरी. मग म्हणाल्या, "का?"

"पोरीला गोळी वाढंल म्हणून. आन् एवढ्याशा पोरीला बीपी कुठलं, म्हणून."

"मावशी, तुम्ही आकडे नव्हता लिहीत. आशीर्वाद लिहीत होता."

मग त्या रागावल्या, आणि चांगल्या रागावल्या. ते इथं लिहीत नाही. राग उतरल्यावर मीच विचारलं, "म्याडम, आता तरी सांगा. डोक्याच्या आजारात कंबर आन् बीपी का बघायचं? इतकी वर्षं मोजतेय. मला म्हाईत असतं तर कदाचित खोटं लिवलं नसतं."

त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "तुम्ही रानात काम केलंय. ठिबक माहीत आहे?"

"ठिबकच्या नळ्या मी धुतल्यात. ॲसिड सोडून."

"मग ऐका. मोठ्या पाइपात पाणी असतं, मोटर चालू असते, वरून सगळं चांगलं दिसतं. पण क्षार साचून लहान तोट्या तुंबायला लागल्या तर आधी कुठलं झाड कोमेजतं?"

"टोकाचं. न्हाईतर जे जास्त पाणी वढतं ते."

"मेंदू ते झाड आहे. शरीरात त्याचं वजन थोडं, पण रक्त फार लागतं. बीपी, साखर, चरबी वाढत राहिली तर बारीक नळ्या खराब होतात. म्हातारपणी हे सगळ्यांनाच होतं. पण बायपोलर असलेल्या तरुण पोरांमध्ये ते लवकर सुरू होताना दिसतं. त्यांचं हृदयही इतरांपेक्षा लवकर थकतं. आणि ज्यांचं बीपी-साखर बिघडलेलं असतं त्यांना लक्षात ठेवणं, ठरवणं, मनाला आवर घालणं जास्त जड जातं, असंही दिसतं."

मी विचार केला. मग म्हटलं, "पर म्याडम, रानात दोन गोष्टी असतात. कधी नळी तुंबली म्हणून झाड वाळतं. कधी झाडाचीच मुळी सडलेली असती, ते पाणी वढत न्हाई. बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. मंग ह्या पोरांचं कुठलं? नळीमुळं डोकं, का डोक्यामुळं नळी?"

"मावशी, मोठमोठे अभ्यास करणारे लोक हेच विचारताहेत. काही औषधांमुळं होतं, काही राहणीमुळं, काही कदाचित आजाराच्या मुळातच असेल. दोन्ही एकाच मुळातून येत असतील. नक्की अजून कुणाला माहीत नाही."

"आम्ही नळीचं टोक सोडून बघायचो. धार आली तर नळी चांगली."

"माणसाचं टोक सोडून बघता येत नाही," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदा हसल्या. "मोठ्या शहरांत मशीन आहेत, मेंदूत रक्त कसं फिरतं ते दिसतं. आपल्याकडं टेप आहे आणि पट्टा आहे. तेवढ्यावर आपल्याला कळतं. कळू दिलं तर."

ते शेवटचं मला होतं.

त्या दिवशी घरी जाताना मी कानशिलावर बोट ठेवून नाडी बघत चालले होते. तिथंही लागते. मनगटावर लागते तशीच, त्याच चालीवर. इतकी वर्षं नाडी मोजून हे मी कधी बघितलं नव्हतं. डोकं वेगळं आणि धड वेगळं, असंच मी धरून चालले होते.

अंकिताच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या. साखर काठावर, चरबी वाढलेली. मॅडमनी एक औषध हळूहळू बदलायला घेतलं आणि आप्पांना बोलावलं. मलाही आत उभं केलं.

"आप्पा, हिला रोज पळू द्या," मॅडम म्हणाल्या.

आप्पांनी आधी मॅडमकडं बघितलं, मग माझ्याकडं, कुणी चेष्टा करतंय का म्हणून. "म्याडम, पळायला लागली तवाच तर डोकं फिरलं हिचं. तुम्ही पाय बघितलं हुतं का न्हाई हिचं? आन् आता पुन्हा पळव म्हणता?"

"पळण्यानं आजार आला नाही. आजारानं ती तशी पळाली. तिचं हृदय, तिच्या रक्ताच्या नळ्या आत्ताच जपायला हव्यात. गोळ्यांबरोबर हेही औषध आहे."

"जीव घ्या माझा, पर हे सांगू नका."

अंकिता खाली बघत होती. नखानं नख खरवडत होती.

मॅडमनी आवाज खाली आणला. "आप्पा, पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, घरात आधी कुणाला असं झालंय का. तुम्ही म्हणालात, भावाला."

"व्हय. धाकटा. कधी राजा, कधी भिकारी. लय हिंडलो त्याला घेऊन."

"कशानं गेले ते?"

"छातीत कळ आली. कांदा काढायला गेला हुता. चाळिशी पण न्हवती."

"त्यांचं बीपी कुणी मोजलं होतं?"

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आम्ही त्याचं डोकं संभाळत हुतो, म्याडम," ते म्हणाले. "छाती कोण बघतंय."

मग अंकिताच म्हणाली, हळूच, "आप्पा, माझं मोजलं तवा मी बी कमी लिवा म्हणायची. मावशीला इचारा."

मला वाटलं, जमीन पोटात घेईल तर बरं. पण बरं झालं ती बोलली. मी आप्पांना सगळं सांगितलं. ते शिव्या देतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "मावशी, मी तरी काय केलं? बूट माळ्यावर टाकलं आन् म्हणलं, पोरगी बरी झाली." मग मॅडमकडं वळून त्यांनी जे विचारलं ते मी एकवीस वर्षांत ऐकलेल्यांपैकी सगळ्यात शहाणं होतं. "पळू देतो. पर मला कळायचं कसं? कुठलं पळणं बरं आन् कुठलं आजाराचं? दोन्हीत पाय सारखंच हालत्यात."

मॅडमनी सांगितलं. झोप बघा. रोज सकाळी आईनं वहीत लिहायचं, किती तास झोपली. सलग दोन दिवस झोप फार कमी झाली तर पळणं बंद आणि आम्हाला फोन. दुपारच्या उन्हात पळायचं नाही. पाणी पीत राहायचं, या गोळ्या चालू असताना तहान मारायची नाही. मग थोडं थोडं वाढवत न्यायचं.

आप्पांचं समाधान झालं नाही. "झोपंचं सकाळी कळंल. पर मैदानात, तिथल्या तिथं?"

मॅडम विचार करत होत्या. मी म्हटलं, "आप्पा, हाक मारा. थांबली तर सराव. न्हाई थांबली तर आजार. त्या दिवशी रस्त्यावर हाका मारल्या तवा थांबली हुती का?"

"न्हाई."

"मंग?"

अंकितानं मान वर केली. "थांबंन मी," ती म्हणाली. "पयज लावा."

मॅडम म्हणाल्या, "चांगलं आहे. झोपेबरोबर हेही लिहा वहीत." मॅडमनी माझं काही उचलून धरण्याची ती पहिली वेळ, आणि तेवढा मान मला त्या दिवशी नको होता.

बूट माळ्यावरून निघाले. पहिले तीन आठवडे नुसतं चालणं, मग थोडं पळणं. महिन्यानं ती आली तेव्हा मी पाच मिनिटं घड्याळ लावून बसवलं, एकदा घेतलं, पुन्हा घेतलं, दोन्ही लिहिले. एकशे चाळीस आणि एकशे अडतीस. ती डोकावून बघत म्हणाली, "अजून तेवढंच?"

"अजून तेवढंच," मी म्हटलं. मॅडमनी बीपीची गोळी सुरू केली. पोरगी रुसली. रुसू दे, असं मी म्हटलं, पण मनातच.

एक गोष्ट मनातून जात नव्हती. हाकेचा नियम मी सांगितला होता, आणि मला कळतं म्हणून मी एकदा चुकलेही होते. एका रविवारी दवाखाना बंद असताना मी एसटीनं कवठ्याला गेले. दुपार कलली होती. शाळेच्या मैदानावर चुन्याची गोल फेरी आखलेली, एका कडेला आप्पा मोटारसायकलला टेकून उभे. मला बघून म्हणाले, "या मावशी. तपासणीला आला का काय?"

"व्हय. तुमची."

अंकिता पळत होती. पूर्वीसारखी नाही, अंगावर अजून वजन होतं, चेहरा लाल झाला होता. पण पाय बरोबर पडत होते. चौथ्या फेरीला ती आमच्या समोरून गेली. आप्पांनी तोंडाला हात लावून हाक मारली, "अंके, थांब!"

ती थांबली नाही.

आप्पांचा हात मोटारसायकलच्या हँडलवर गेला. ती वळणापर्यंत गेली, वळणापलीकडं गेली. आप्पांनी पुन्हा हाक मारली, या वेळी आवाज फाटला. लांबून तिचं ओरडणं आलं, "अहो आप्पा, फेरी तरी पुरी करू द्या की!"

तिनं फेरी पुरी केली. बरोबर चुन्याच्या रेषेवर थांबली, गुडघ्यांवर हात ठेवून वाकली आणि श्वास घेत राहिली. आप्पा घामाघूम झाले होते, पळाल्यासारखे. त्यांनी खिशातून वही काढली, पेन काढलं आणि माझ्याकडं वळले.

"हाक मारली तवा थांबली न्हाई, मावशी. पर थांबली. आता हे कुठं लिहू? आजारात का सरावात?"

मी तिच्याकडं बघितलं. ती पाण्याची बाटली अर्धी तोंडात, अर्धी अंगावर ओतत होती आणि लांबूनच बापाला वेडावत होती.

"तिच्या वयात लिवा," मी म्हटलं.

आप्पांनी वही खिशात घातली. मग पेनाला टोपण लावून म्हणाले, "मंग उद्यापासनं हाक रेघंच्या जवळ आल्यावर मारतो."